पाठीवरची वीज

छत्रपती संभाजीनगराहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा हमरस्ता सिल्लोड गावावरून जातो. या सिल्लोड तालुक्यातून एक नदी पूर्वेकडे वाहत जाते. सिल्लोडचे लोक तिला खेळणा म्हणतात. भोकरदनच्या बाजूला तिचेच नाव केळणा असे होते. भोकरदनच्या पुढे जुई नावाची दुसरी नदी तिला येऊन मिळते, आणि या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे लहानसे गाव वसले आहे. आज ते जालना जिल्ह्यात मोडते.

२३ सप्टेंबर १८०३ या दिवशी असईच्या शिवारात घनघोर संग्राम झाला. एका बाजूस दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा होत्या. दुसऱ्या बाजूस इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली होता. शिंद्यांच्या तोफा शंभराच्या आसपास होत्या, आणि त्यांच्या गोलंदाजांपैकी कित्येक जण तोफेशेजारीच उभे राहून मेले, पण हटले नाहीत. तरीही जय इंग्रजांचा झाला. ही हकीकत तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचालच. येथे आपण त्या लढाईची एक निराळी बाजू पाहू. त्या दिवसांत निरोप कसे गेले, आणि कसे गेले नाहीत, ती ही बाजू होय.

वेलस्ली व त्याचा सहकारी कर्नल स्टीव्हन्सन यांची दोनच दिवसांपूर्वी बदनापूर येथे भेट झाली होती. दोघांनी डोंगराच्या दोन बाजूंनी वेगवेगळ्या वाटांनी पुढे जावे, आणि २४ तारखेला एकत्र येऊन मराठ्यांवर हल्ला करावा, असा त्यांचा बेत ठरला. मराठ्यांचा तळ भोकरदनला आहे, अशी खबर हेरांनी आणली होती. वेलस्लीने भोकरदन म्हणजे ते गाव, असा अर्थ घेतला. हेरांच्या मनात मात्र भोकरदनचा सगळा मुलूख होता. बाहेरगावी गेल्यावर आपणही ‘मी सिल्लोडचा’ असे म्हणतो. तेव्हा ऐकणाऱ्याने गाव समजावे की तालुका? घरगुती बोलण्यात एवढ्याने काही बिघडत नाही. पण येथे त्या एका शब्दापायी असे घडले की, शत्रू अजून दूर आहे अशा समजुतीने चाललेला वेलस्ली २३ तारखेलाच मराठ्यांच्या तळापासून अवघ्या काही मैलांवर येऊन ठेपला. स्टीव्हन्सन जवळ नव्हता. त्याला ‘लवकर या’ असे कळवावे, तर तो नेमका कोठे आहे हेच ठाऊक नाही! वेलस्लीने एकट्यानेच लढण्याचे ठरविले.

तिकडे स्टीव्हन्सनच्या कानी तोफांचे आवाज पडले. तो तत्काळ निघाला. पण वाटाड्याने त्याला प्रथम भोकरदनकडे नेले, आणि तो रणभूमीवर पोचला तेव्हा २४ तारखेची संध्याकाळ झाली होती. लढाई संपून एक दिवस उलटला होता.

याहून दुःखद प्रकार ऐन लढाईत घडला. इंग्रजांच्या उजव्या टोकाला कर्नल ऑरॉक नावाचा अधिकारी पहाऱ्याच्या तुकड्या घेऊन चालला होता. त्याने असई गावापासून दूर राहावे, असा हुकूम होता. ऑरॉकचा समज चुकला. तो सरळ असईच्या तोंडावर चालून गेला, आणि त्याच्या पाठोपाठ ७४ वी पलटण गेली. गावात मराठ्यांचे पायदळ होते, तोफा होत्या. ही चूक काही क्षणांतच ध्यानात आली असेल. पण ती सुधारावी कशी? निरोप्याने घोड्याला टाच मारावी, धुरातून व धुरळ्यातून वाट काढावी, चुकलेली तुकडी गाठावी आणि तिच्या नायकाला समजावून सांगावे, एवढी उसंत रणांगण कोणाला देत नाही. त्या एका पलटणीची सुमारे ४०० माणसे ठार वा जखमी झाली. पुढे चार दिवस रणभूमीवरून जखमी लोक वाहून आणले जात होते. त्यांच्यासाठी रुग्णालय काढले ते सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावी.

मग असा प्रश्न पडतो की, दूरवर काही कळविण्याची साधने त्या काळी नव्हतीच काय? होती. नगारा होता, शिंग होते, निशाण होते. १६६० साली बाजीप्रभू देशपांडे घोडखिंड अडवून उभे राहिले, ते विशाळगडावरील तोफांच्या आवाजाकडे कान लावून. महाराज गडावर पोचले, हे त्यांना त्या आवाजाने कळावयाचे होते. १६७० साली सिंहगड सर झाला, तेव्हा मावळ्यांनी गडावर जाळ केला, आणि तो पाहून राजगडावर महाराजांना गड आल्याचे समजले. या इशारती मोठ्या वेगवान होत. परंतु त्यांच्यात एक उणीव आहे. आधी ठरलेली एकच गोष्ट त्या सांगू शकतात. ‘पोचलो’ हे तोफ सांगेल. ‘नदीला पूर आहे, उजव्या हाताच्या उताराने या’ हे ती कसे सांगणार? त्यासाठी भाषाच हवी.

ती भाषा प्रकाशाला शिकविली गेली. इराणच्या आखातातील तारखात्यात काम करणाऱ्या हेन्री मान्स नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८६९ साली एक यंत्र तयार केले. त्याचे नाव हेलिओग्राफ. यंत्र म्हणजे काय, तर तिवईवर बसविलेला एक गोल आरसा! उन्हात आरसा धरून समोरच्या भिंतीवर कवडसा नाचविण्याचा खेळ तुम्ही खेळला असाल. हेलिओग्राफमध्ये हाच कवडसा कित्येक मैल दूरच्या टेकडीवर नेमका पाडावयाचा असतो. त्यासाठी आरशाच्या मध्यभागी एक बारीक ठिपका पारा न लावता तसाच सोडलेला असे. त्यातून पाहून नेम धरावयाचा. आरशाला एक दांडी जोडलेली असे. दांडी दाबली की आरसा किंचित कलून प्रकाश समोरच्या माणसाच्या डोळ्यांवर पडे. सोडली की तो नाहीसा होई. अल्पकाळ चमकला तर बिंदू, थोडा अधिक काळ चमकला तर रेघ. आणि बिंदू व रेघा यांच्या जुळणीतून एकेक अक्षर. तारखात्यातील मोर्सची लिपी ती हीच. सूर्य पाठीशी असेल तर दुसरा एक आरसा लावून ऊन पहिल्यावर वळवीत.

हे सारे सामान एक माणूस सहज वाहून नेई. त्याला तार नको, तेल नको, कोळसा नको. आकाश निरभ्र असेल तर पन्नासपन्नास मैलांवर त्याचा निरोप वाचता येई. अमेरिकेत १८९४ साली दोन पर्वतशिखरांच्या दरम्यान १८३ मैलांवर, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरांवर, असा संदेश पोचविण्यात आला होता! मात्र ढग आले, धुके पडले, वा रात्र झाली की हे यंत्र मुके. शिवाय दोन ठिकाणे एकमेकांस दिसलीच पाहिजेत. रणभूमीवर धूर असतो, झाडी असते, मध्येच टेकाड येते. आणि रात्र तर रोजच येते.

याच सुमारास वीज माणसाच्या हाती आली होती. विजेला रात्र आडवी येत नाही. प्रथम आला तो तारेचा टेलिफोन. शिपाई पाठीवर तारेचे रीळ घेऊन पुढे पुढे जाई, आणि तार त्याच्यामागे जमिनीवर पसरत जाई. रणांगणावरील टेलिफोनची विजेची सोय मोठी गमतीची असे. बोलण्यापुरती वीज दोन कोरड्या घटांतून मिळे. आणि पलीकडची घंटा वाजविण्यासाठी पेटीच्या बाजूची मूठ गरगर फिरवावी लागे. मूठ फिरली की आत लोहचुंबकापुढे तारेचे वेटोळे फिरे आणि वीज निर्माण होई. येथे माणसाचा हात हेच वीजघर झाले होते, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु तोफेचा एक गोळा तारेवर पडला की संभाषण तुटले. मग कोणी तरी अंधारात, गोळीबारात, तार चाचपडत जाऊन तुटलेली टोके शोधून जोडावयाची. पहिल्या महायुद्धात या कामी असंख्य लोकांनी प्राण गमावले.

हिंदुस्थानच्या सैन्यात संदेशवहनासाठी स्वतंत्र दल १५ फेब्रुवारी १९११ रोजी स्थापन झाले. आजही आपल्या सेनेचे सिग्नल दल हाच आपला वर्धापनदिन मानते. ‘तीव्र चौकस’ हे त्याचे ब्रीद आहे. निरोप तीव्र गतीने जावा, आणि तो परक्याच्या हाती पडू नये म्हणून चौकस असावे, असा त्या दोन शब्दांचा भाव होय.

तार नाही आणि तरी निरोप जातो, ही किमया बिनतारी यंत्राने केली. १९१५ च्या डिसेंबरात मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकमधील, कुत गावी पुणे डिव्हिजन शत्रूच्या वेढ्यात सापडले. त्यात मराठा पलटणींचे जवान होते. वेढा जवळजवळ पाच महिने चालला. अन्न सरत आले, बाहेरच्या वाटा बंद झाल्या. पण गावात बिनतारी यंत्र होते, आणि त्यावरून बाहेरच्या सैन्याशी शेवटपर्यंत बोलणे चालू राहिले. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले. निरोप जात होते; मदत मात्र वेढा फोडून आत येऊ शकली नाही. असईला मदत जवळ असून निरोप नव्हता. कुतला निरोप होता आणि मदत पोचत नव्हती.

कुतचे यंत्र एका जागी बसविलेले होते. चालत्या शिपायाबरोबर बिनतारी यंत्र न्यावयाचे, तर अडचण निघाली ती यंत्राची नव्हे, विजेची! ती कशी, ते जरा समजून घेऊ.

हातातल्या विजेरीत आपण जो कोरडा घट घालतो, त्याचे बाहेरचे भांडे जस्ताचे असते. मध्ये कोळशाची कांडी, तिच्याभोवती मँगनीजची काळी भुकटी आणि नवसागराचा ओलसर लगदा असतो. जस्त हळूहळू झिजते आणि त्या झिजेतून वीज मिळते. असा एक घट दीड व्होल्ट दाबाची वीज देतो. विजेरीचा दिवा त्यावर पेटतो. परंतु जुन्या बिनतारी यंत्रात व्हॉल्व्ह नावाच्या काचेच्या नळ्या असत. त्यांतील बारीक तार तापविण्यास एक वीज लागे, आणि नळीतून विद्युत्प्रवाह खेचण्यास दुसरी, पुष्कळ अधिक दाबाची. समजा, ९० व्होल्ट हवे आहेत. मग दीड व्होल्टचे किती घट एकापुढे एक जोडावे लागतील? साठ! ते सारे आकाराने लहान असले तरी त्यांचे गाठोडे जड होणारच.

म्हणूनच अमेरिकन सैन्याने १९४३ साली शिपायाच्या पाठीवरचे बोलके यंत्र काढले, तेव्हा घटांसह त्याचे वजन सुमारे १७ किलो भरले. त्यावरून सुमारे ५ किलोमीटरपर्यंत बोलता येई. अशा यंत्रावर एका वेळी एकालाच बोलता येते. दोघेही एकदम बोलू लागले तर कोणालाच काही ऐकू येत नाही. आपले बोलणे झाले की बोलणारा ‘ओव्हर’ म्हणतो, आणि मग पलीकडच्याने बोलावयाचे. ऐकण्याला वीज थोडी लागते, बोलण्याला पुष्कळ. म्हणून यंत्र चालविणाऱ्याला पहिला धडा मिळतो तो मोजके बोलण्याचा. त्याला दुसरेही कारण आहे. आपण सोडलेल्या विद्युल्लहरी शत्रूही पकडू शकतो, आणि त्या कोणत्या दिशेने आल्या हे पाहून आपला ठावठिकाणा काढू शकतो. वर्गात बडबड करणाऱ्याला गुरुजी हुडकून काढतात, तसेच हे. फक्त येथील शिक्षा फार भयंकर असते.

यंत्रे निघाली, तरी धावत्या निरोप्याचे काम काही संपले नाही. यंत्र पाण्यात भिजे, गोळी लागून फुटे, घट संपत. दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन इटलीत लढत होती. तिच्यातील एका कंपनीचे निरोपे होते शिपाई नामदेव जाधव. ते अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील निमज गावचे. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदी ओलांडताना त्यांच्या पुढच्या तुकड्या शत्रूच्या माऱ्यात जवळजवळ नाहीशा झाल्या. नामदेवांनी जखमी झालेल्या दोघा सोबत्यांना एकामागून एक उचलून, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या काठावरून सुरक्षित जागी पोचविले. मग एकट्याने परत जाऊन शत्रूची मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली. आता मागच्या कंपन्यांना ‘वाट मोकळी आहे, या’ असे कळवावयाचे होते. त्यांनी काय केले? ते नदीच्या उंच बांधावर सर्वांना दिसतील असे उभे राहिले, मराठा पलटणीची युद्धगर्जना केली आणि हात हालवून सर्वांना पुढे बोलाविले. भोवती तोफगोळे फुटत होते. या पराक्रमाबद्दल त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे त्या काळचे सर्वोच्च शौर्यपदक मिळाले. निरोप्याने आपला निरोप पोचविला होता, आणि त्यासाठी त्याच्यापाशी आवाज व हात यांखेरीज काही नव्हते.

युद्ध संपल्यावर दोनच वर्षांनी, १९४७ च्या डिसेंबरात, अमेरिकेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला. काचेच्या नळीचे काम वाटाण्याएवढा तुकडा करू लागला. त्याला तापविण्याची तार नको आणि ९० व्होल्टही नकोत. पाठीवरचे यंत्र हातात मावू लागले. आपल्या देशातही सैन्याला लागणारी अशी यंत्रे तयार व्हावीत, म्हणून १९५४ साली बेंगळुरू येथे भारत इलेक्ट्रॉनिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला.

आता तुम्ही म्हणाल की, ओझ्याचा प्रश्न मिटला. वस्तुतः तो मिटला नाही. त्याने रूप पालटले. यंत्र हलके झाले, पण यंत्रांची संख्या वाढली. आजच्या शिपायाजवळ बोलण्याचे यंत्र असते. कोठे उभे आहोत हे उपग्रहावरून सांगणारे यंत्र असते. रात्री पाहण्याची दुर्बीण असते. प्रत्येकाला वीज हवी, आणि रानात वा डोंगरात भिंतीवर खटका नसतो.

एक हिशेब करून पाहा. समजा, एखाद्या तुकडीच्या यंत्रांना मिळून सतत ५ वॉट वीज लागते, आणि तुकडी तीन दिवस, म्हणजे ७२ तास, बाहेर राहणार आहे. ५ ला ७२ ने गुणले म्हणजे ३६० वॉट-तास झाले. मोटारीत असतो तशा शिशाच्या घटात एका किलोमागे साधारण ३६ वॉट-तास वीज साठते, असे धरा. मग त्या तुकडीला १० किलो वजनाचे शिसे वाहून न्यावे लागेल. त्याऐवजी लिथियमचा घट घेतला, तर एका किलोत १८० वॉट-तास साठू शकतात. म्हणजे २ किलोंत भागले. वाचलेल्या ८ किलोंच्या जागी पाणी नेता येईल, औषधे नेता येतील, किंवा घायाळ सोबत्याला खांद्यावर घेण्याइतके बळ शिल्लक राहील. लिथियम ही सर्वांत हलकी धातू. तिच्यावर चालणारे, पुन्हापुन्हा भरता येणारे घट १९९१ साली बाजारात आले. तुमच्या घरच्या मोबाइलमध्ये असतो तो हाच. ज्यांच्या संशोधनातून तो घडला त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो या तिघांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

घट संपला म्हणजे तो पुन्हा भरावा लागतो. पेट्रोलवर चालणारे वीजयंत्र नेले, तर ते आवाज करते, धूर सोडते, आणि पेट्रोलही वाहून न्यावे लागते. म्हणून आता घडी घालून पिशवीत ठेवता येतील असे सौरपट निघाले आहेत. जवान थांबला की तो पट उलगडून उन्हात पसरावयाचा. ना आवाज, ना धूर. हेलिओग्राफवाल्या शिपायाप्रमाणे आजचा शिपाईही पुन्हा सूर्याकडे पाहू लागला आहे. फरक इतकाच की, आजच्या शिपायाला दिवसाचे ऊन रात्रीसाठी साठवून ठेवता येते.

हिमालयात मात्र या साठ्याला थंडी नडते. सियाचीनच्या हिमनदीवर १९८४ पासून आपले सैन्य पहारा देत आहे. तेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली ५० अंशांपर्यंत उतरतो. घटातून वीज निघते ती त्यातील रासायनिक क्रियेमुळे. आणि थंडीत ही क्रिया मंदावते. पूर्ण भरलेला घटही मग रिकाम्यासारखा वागतो. गोठलेल्या स्थितीत तो भरावयास जावे, तर कायमचा बिघडण्याचा संभव असतो. यावर बर्फात राहणाऱ्यांनी एक साधा उपाय शोधला आहे. रात्री ते घट यंत्रातून काढून कपड्यांच्या आत, अगदी अंगाशी ठेवतात, आणि झोपताना तो निजण्याच्या पिशवीत घेतात. शरीराच्या उबेने तो उबदार राहतो. मग बोलण्याची वेळ आली की तो बाहेर काढावयाचा, यंत्रात बसवावयाचा, मोजके दोन शब्द बोलावयाचे, आणि पुन्हा कोटाच्या आत ठेवून द्यावयाचा.